पिशवीवाल्याच्या मागावर येलदरीला

मी कुठेही निघाले की आधी परतीचं आरक्षण करते. या वेळी केलं नाही. एखादा माणूस जिवंत आहे की मेला, हे ठरायला किती दिवस लागतात याचा मला अंदाज नव्हता.

नव्या वाचकांसाठी आधी पार्श्वभूमी सांगते. आम्हा बायकांचा फोनवर एक गट आहे, 'सबटायटल भगिनी मंडळ'. कोरियन, चिनी, जपानी, तैवानी मालिका बघायच्या आणि त्यावर तावातावाने बोलायचं, एवढंच काम. नायक कुठल्याही देशाचा असो, आमच्यात तो 'जावईबापू'. श्रीमंत खलनायिका ती 'मोठी सासू'. मी या गटाची व्यवस्थापक आहे. म्हणजे शेवट आधीच फोडणाऱ्यांना आणि सकाळी सकाळी फुलांची चित्रं पाठवणाऱ्यांना गप्प करणं माझ्याकडे असतं.

दर रविवारी आम्ही एक खेळ खेळायचो, 'मागचा माणूस'. मालिकेत नायक-नायिका बोलत असताना मागून जी भाडोत्री गर्दी जाते, त्यातला एक माणूस धरायचा आणि तोच दुसऱ्या कुठल्या मालिकेत दिसला ते सांगायचं. गर्दीतले चेहरे अंधुक असतात, म्हणून नियम असा की चेहऱ्याकडे बघायचंच नाही, पावलांकडे बघायचं. माणूस चालीवरून ओळखू येतो. काही दिवसांत आमच्या बायका यात इतक्या तयार झाल्या की एखाद्या हमालाला त्या तीन मालिकांतून हुडकून काढत.

यातच 'पिशवीवाला' सापडला. कापडी पिशवी घेतलेला सडपातळ माणूस. डावं पाऊल आत वळवून टाकतो. बाजाराच्या प्रसंगात दिसला, मग एका इस्पितळाच्या व्हरांड्यात, मग बेटावरच्या मालिकेत धक्क्यावर. कधी बोलत नाही, कधी थांबत नाही. नामावळीत कुठेच नाही. मग नागपूरच्या एका सदस्येने तो एका चिनी मालिकेतही दाखवला. कोरियातला किरकोळ नट चीनमध्ये कशाला जाईल, यावर आठवडाभर चर्चा झाली. त्या चर्चेत मंदाने एकच ओळ लिहिली: "हे आमचे मालक आहेत."

सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पाडला. मंदाने परत लिहिलं, "मी चेष्टा करत नाही."

मंदा येलदरी धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या एका लहान गावात राहते. नवरा, रंगनाथ, बारा वर्षांहून अधिक काळ बेपत्ता. लहानपणी डावा पाय बैलगाडीच्या चाकाखाली आला होता, तेव्हापासून पाऊल आत वळलेलं. एका सकाळी तो थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पलीकडच्या काठावरची पाण्याची मोटर बघायला गेला. तराफा सापडला, तो नाही. कोणी म्हणालं बुडाला, कोणी म्हणालं पुण्याकडे गेला. आता घरच्यांनी ठरवलं होतं की येत्या अमावास्येला त्याचा पुतळा करून अंत्यविधी उरकायचा. इतकी वर्षं पत्ता न लागलेल्या माणसाचं असं करतात: पळसाच्या देठांचं शरीर, नारळाचं डोकं, आणि मग रीतसर अग्नी. मंदा तयार नव्हती. जिवंत माणसाचा पुतळा जाळला तर तो माणूस जिथे असेल तिथे संपतो, असं तिचं म्हणणं. आणि गुरुजी म्हणत होते की बायकोने हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही.

तिने मला लिहिलं, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही येऊन सांगा ते जिवंत आहेत. तुमचं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी तिच्या दिराचा, दत्तरावांचा फोन आला. "कोरियावाल्या मॅडम तुमीच का? आमच्या वैनीच्या डोक्यात हे तुमीच घातलंय. आता तुमीच येऊन काढा."

माझी बाजू ठरलेली होती. मी नोकरीभर विम्याच्या कचेरीत दाव्यांचं काम केलं. बेपत्ता माणसांची प्रकरणं माझ्याकडे यायची आणि पुराव्याशिवाय मी सही करत नसे. मी ते प्रसंग टॅबवर उतरवून घेतले. मंदाशेजारी बसून चित्र थांबवत थांबवत तिला दाखवायचं की ही तीन-चार वेगळी माणसं आहेत आणि त्यातला एकही रंगनाथ नाही. एवढं करून परत यायचं.

नाशिकहून रात्रीची गाडी पकडली तर परभणीला सकाळी पोचता येतं. पाथरीला जाणारे यात्रेकरू मानवत रोडला उतरतात, त्यानंतर डबा मोकळा होतो, पाय पसरायला मिळतात. पौषातली थंडी होती. परभणीला उतरले तर फलाट धुक्यात बुडालेला. माणसांची फक्त कमरेखालची बाजू स्पष्ट दिसत होती. नुसती पावलं येत होती आणि जात होती. इतके महिने खेळ खेळून माझी नजर आपोआप खालीच जायची. मी स्वतःला दटावलं आणि चहा घेतला.

परभणीच्या बसस्थानकावरून जिंतूरची एसटी सतत मिळते. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खाजगी गाडीच्या नादाला लागू नका. डावीकडची खिडकी धरा. झरीपर्यंत दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापसाची शेवटची वेचणी, तूर काढून रचलेल्या गंजी. झरीला एक बाई टोपलीभर वाळकं घेऊन चढली आणि माझ्या पायावरच टोपली टेकवली.

"कुटं निघालात?" तिने विचारलं.

"येलदरीला."

"धरण बगायला?"

"एका घरी. ज्यांचा माणूस पाण्यात गेला."

तिने टोपलीतली वाळकं सारखी केली. मग म्हणाली, "कोणता? तिथं लय जण गेलेत." आणि एक वाळूक माझ्या हातात ठेवलं.

जिंतूरला मी लॉजवर खोली घेतली होती. खोली स्वच्छ आहे, गरम पाणी बादलीने मिळतं आणि ते मागावं लागतं. सामान टाकून काळीपिवळीने पुढे गेले. जिंतूर ते येलदरी रस्ता बरा आहे, पण गावाकडे वळल्यावर खड्डे सुरू होतात. माणसं भरल्याशिवाय जीप हलत नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. बाजाराचा दिवस असेल तर धरणाजवळच्या टपऱ्यांवर ताजा तळलेला मासा मिळतो. त्या दिवशी टपऱ्या बंद होत्या.

वळणावरून पाणी अचानक दिसतं. मी बरीच धरणं पाहिली आहेत, पण असं गप्प पाणी पाहिलं नव्हतं. दुपार झाली तरी धुकं पुरतं उठलं नव्हतं. काठाजवळ पाण्यात वाळलेली झाडं उभी होती आणि प्रत्येकावर एकेक पाणकावळा पंख पसरून बसलेला. वारा नव्हता. पलीकडच्या काठावर कोणीतरी मोटर सुरू केली, तिचा आवाज मात्र आमच्या मागच्या बाजूने आला. जीपचा चालक म्हणाला, "आवाजाचं इथं असंच हाय. कुटून येतो कळत न्हाई. आमी लक्ष देत न्हाईत."

मंदा फाट्यावर उभी होती. गटातल्या गोल चित्रात ती लहानखुरी वाटायची. प्रत्यक्षात उंच, खांद्याने रुंद, कपाळावर मोठं कुंकू. तिने माझी पिशवी ओढून घेतली. "तुमी फोनवर लय कडक वाटता, ताई. खऱ्यातबी तशाच हाव."

"कडकच आहे. चल."

घर साधं, पत्र्याचं, पुढे ओसरी. दत्तराव हात जोडून आले, पण बोलणं तिरकंच. "या. आमच्या भावाला शोधून काढणाऱ्या मॅडम. कोरियात नोकरीला लागलाय म्हणं. पगार बिगार पाठवाय लावा की जरा."

"मी त्याला शोधलेलं नाही," मी म्हणाले. "तो मला सापडलाय असंही मी कुठे म्हटलेलं नाही."

हे ऐकून मंदाने माझ्याकडे पाहिलं. मी कुठल्या बाजूने आले आहे ते तिला तिथेच कळलं असावं.

जेवायला भाकरी, वांग्याचं भरीत, तिळाची चटणी होती आणि जेवणानंतर ओसरीसमोर शेणकुटाच्या आरावर भाजलेला हुरडा. नाशिककडे मिळतो तो हुरडा नव्हे, हे तो खाल्ल्यावर कळतं. मंदाची सासू, सखूबाई, तळहातावर कणसं चोळून मला देत होत्या. वय बरंच, पण मोतीबिंदू काढल्यापासून नजर लख्ख. मंदा त्यांना आत्याबाई म्हणते. दोघींत बोलणं बंद असल्याचं दत्तरावांनी फोनवर सांगितलं होतं, पण तसं काही नव्हतं. दोघी एकाच आरावर कणसं भाजत होत्या, एकमेकींना मीठ देत होत्या, फक्त विधीचा विषय निघाला की दोघीही माझ्याशी बोलू लागत.

"बाई, माजं काय ऱ्हायलंय आता," सखूबाई म्हणाल्या. "माज्या आदी त्याचं झालं पायजे. न्हाईतर मी गेल्यावर त्याचं करायला कोण बसलंय?"

"त्यायचं करायचं कामून?" मंदा मला म्हणाली. "ते हायत की."

मी हात धुतले आणि टॅब काढला. ओसरीच्या सावलीत चटई टाकली. मंदाला जवळ बसवलं. सखूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, त्यांनी मान फिरवली. ते डबड्यातलं मी बगत न्हाई, म्हणाल्या. मी त्यांना बोलावलं नाही. माझं काम मंदाशी होतं.

बाजाराचा प्रसंग लावला. पुढे नायिका नायकाशी भांडते आहे, मागून गर्दी जाते आहे. पिशवीवाला डावीकडून आला. मी चित्र थांबवलं.

"याची उंची बघ. आता इस्पितळातल्याची बघ. हा बुटका आहे. खांदे वेगळे. मंदा, हा एक माणूस नाही, ही तीन माणसं आहेत आणि तिन्ही तिकडचीच आहेत."

"उंची राहू द्या. पाऊल बगा."

"जगात डावं पाऊल आत वळलेली किती माणसं असतील."

"तुमी माज्या मालकाला कवा बगितलंत?"

मी फोटो मागितला. लग्नातला एक होता, त्यात तो खुर्चीवर बसलेला, पावलं समोरच्या पाटामागे झाकलेली. मी म्हणाले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. ती म्हणाली, "मग तुमचंबी काई सिद्ध झालं न्हाई." सरळ मुद्दा होता. कचेरीत माझ्यासमोर कोणी असा मांडला असता तर मी मान्य केला असता.

एवढ्यात मागून सखूबाईंचा आवाज आला. "परत लाव."

त्या कधी उठून आमच्या मागे आल्या ते कळलं नव्हतं. मी लावला. त्या वाकल्या. नाकाला टॅब लागेल इतक्या वाकल्या. प्रसंग संपला. "परत." मी परत लावला. इस्पितळाचा दाखवला, धक्क्यावरचा दाखवला, मग पुन्हा बाजाराचा. दत्तराव हुरड्याचे दाणे हातात धरून दारात थांबले होते.

"ह्यो माजा रंगाच हाय," सखूबाई म्हणाल्या.

मंदाने माझं मनगट धरलं. "ऐकलंत ताई? आईनं वळखलं. आता तरी माना."

दत्तराव म्हणाले, "माय, तू बी का?"

"गप्प ऱ्हा." सखूबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. "वळखलं मी. पण मंदे, तू निस्ती पावलं बगायलीस. जरा गर्दी बग की. एवढी माणसं समोरून यायलीत. त्याला कोणी वाट देईना. एक जण सुदीक बाजूला सरना. जिता माणूस समोर आला तर लोक सरतेत. याला कोणी बगतच न्हाई."

मी प्रसंग आणखी एकदा लावला आणि या वेळी पावलांकडे न बघता पाहिलं. त्या म्हणत होत्या तसंच होतं. समोरून एक जोडपं येतं, सरळ त्याच्यावर येतं, आणि पुढच्या क्षणी जोडपं अलीकडे असतं, तो पलीकडे. टोपलीवाली बाई त्याच्या रेषेत येते, चालत राहते, आणि तो तिच्या मागे निघालेला असतो. धक्का नाही, खांदा चुकवणं नाही. इस्पितळातही तेच. धक्क्यावरही तेच. हे प्रसंग मी किती वेळा पाहिले असतील. खेळाच्या नियमाप्रमाणे पावलं बघत राहिले, तेवढं सोडून काही पाहिलंच नाही.

मी समजावून सांगितलं. चित्रीकरण तुकड्या तुकड्यांनी होतं, मध्ये जोड असतो, कधी गर्दी नंतर संगणकावर मिसळतात. माझं बोलणं मला स्वतःलाच लांबून ऐकू येत होतं. त्या दोघींना त्याची गरज नव्हती. मी आले होते 'हा तो नाही' हे पटवायला, आणि आता त्या घरात तो तोच आहे याबद्दल दोघींचं एकमत होतं. वाद फक्त तो जिवंत आहे की नाही एवढाच उरला होता आणि त्यात माझ्या मताला जागा नव्हती.

"फिरायलाय बग," सखूबाई सुनेला म्हणाल्या. विधीबद्दल त्या दिवसात पहिल्यांदाच थेट तिच्याशी. "कोणत्या मुलखात जाऊन फिरायलाय. कोणी थांब मनत न्हाई, कोणी बस मनत न्हाई. तू त्याला असाच ठिवणार हाईस का?"

मंदा उठली आणि आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

मला त्यांनी लॉजवर परत जाऊ दिलं नाही. झोपले कशीबशी.

अमावास्येची सकाळ. उठले तर धुकं अंगणात आलेलं. गुरुजी जिंतूरहून मोटारसायकलवर आले, मफलर गुंडाळलेले, गरम चहा मागत. मंदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"करा," म्हणाली. "पण अंगणात करा. मी बगणार."

गुरुजी म्हणाले, "बायकांनी थांबायचं नसतं."

"मग मी हो मनत न्हाई."

अंगणात सुरू झालं. दर्भावर पळसाची देठं मांडत गेले, पाय, मांड्या, पाठ, हात. डोक्याच्या जागी नारळ. मी यापूर्वी हे फक्त कागदावर पाहिलं होतं, नातेवाइकांच्या अर्जात एका ओळीत. डोळ्यांसमोर माणूस तयार होताना बघणं वेगळं. देठं ओली होती, जमिनीतून वाफ येत होती, आणि गुरुजींचं काम अर्ध्यावर आलं तेव्हा आम्ही सगळे नकळत आवाज खाली आणून बोलू लागलो होतो, कोणी झोपलेलं असावं तसं.

मंदा पुढे झाली. खाली बसली. पुतळ्याच्या डाव्या पायाची देठं तिने हातात घेतली आणि घोट्याच्या जागी आत वळवली.

"अहो बाई, हे काय?" गुरुजी म्हणाले. "पुतळ्यात व्यंग ठेवत नाहीत. अंग पूर्ण लागतं, सरळ लागतं."

"त्यांचं पाऊल असं होतं."

"शास्त्रात बसत नाही."

"मग हे कोणाचं करायलात? सरळ पायाच्या माणसाला मी कशाला निरोप देऊ? माज्या वळखीचा न्हाई तो."

गुरुजींनी दत्तरावांकडे पाहिलं. दत्तराव खाली बघत होते. आदल्या दिवशीची त्यांची जीभ कुठे गेली होती कोण जाणे. वहिनीसमोर बसून त्यांनीही ती देठं नीट दाबली आणि सुटू नयेत म्हणून दोऱ्याने बांधली.

"असू द्या महाराज," सखूबाई ओसरीवरून म्हणाल्या. "न्हाईतर लेकराला तिकडं गेल्यावर मनतील, ह्यो कोण."

गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि पुढचा मंत्र सुरू केला.

पुरुष मंडळी तो घेऊन पाण्याकडे गेली. आम्ही तिघी ओसरीवर. धुक्यात त्यांची डोकी आधी गेली, मग धडं. पावलं शेवटपर्यंत दिसत राहिली, दत्तरावांची, भावकीची, गुरुजींची. मी मोजू नये म्हणून नजर वळवली. खालून धूर वर आला, पण धुक्याहून वेगळा ओळखू येईना. फक्त वासावरून कळलं. मंदा रडली नाही. तिने विचारलं, "ताई, तिकडं आता किती वाजले असतील?"

"कोरियात? दुपार झाली असेल."

"मंजी बाजार भरला असंल," ती म्हणाली.

निघताना दत्तरावांनी फाट्यापर्यंत सोडलं. जीप यायला वेळ होता. ते म्हणाले, "मॅडम, मी लय बोललो तुमाला. मनावर घेऊ नका." मी म्हणाले, घेतलं नाही. मग ते म्हणाले, "खरं सांगू का? मीबी बगितलं होतं ते, लय आदीच. वैनीनं दाखवलं होतं. मीबी वळखलं होतं. पण मानलं असतं तर मला त्याला आणायला जावं लागलं असतं. कुटं जाणार होतो मी?"

परतीची गाडी परभणीहून दुपारी मिळाली. उभ्याने आले.

आता ज्यांना त्या बाजूला जायचंय त्यांच्यासाठी. हुरड्यासाठी जायचं तर पौष उत्तम. जिंतूरला मुक्काम करा, नेमगिरीची टेकडी आणि लेणी बघून घ्या, मला वेळ झाला नाही. येलदरीला सकाळी उशिरा जा, धुकं उठल्यावर. काठावर फोनला रेंज जाते येते. थर्माकोलच्या तराफ्यावर बसवून आत नेतो म्हणणारे भेटतील, त्यांच्यासोबत जाऊ नका. हे मी भुताखेतांमुळे सांगत नाही, तराफा उलटतो म्हणून सांगते.

गटात परतल्यावर पहिलं काम म्हणून मी 'मागचा माणूस' बंद केला. कारण दिलं नाही. दोघींनी कुरकूर केली, एकीने हुकूमशहा म्हटलं. नागपूरची सदस्या खाजगीत म्हणाली की तिच्याकडे पिशवीवाल्याचा आणखी एक प्रसंग आहे. मी तिला पाठवू नकोस म्हणून सांगितलं.

मंदा काही दिवस शांत होती. मग एका दुपारी तिचा संदेश आला. ती गटात शुद्ध लिहिते, मला एकटीला मात्र त्या भेटीनंतर बोलते तसं लिहू लागली.

"ताई, मी बाजाराचा भाग परत बगणार न्हाई. तुमी एकदा बगा. आता तरी कोणी वाट दिली का, तेवढं सांगा."

मी भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, चहा घेऊन बसले. प्रसंग लावला. चित्रीकरण झालेली मालिका आहे. तिच्यात काही बदलणार नाही, हे मला माहीत आहे. तो आला, डावं पाऊल आत वळवून. जोडपं त्याच्यावर आलं आणि आधीसारखंच अलीकडे निघून आलं. मग टोपलीवाली बाई समोर आली. तिने टोपली कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतली आणि अर्धं पाऊल बाजूला झाली. तो पुढे गेला.

मी चित्र थांबवलं.

ती आधीही बाजूला होत होती का? त्या ओसरीवर मी तो प्रसंग पाहिला तेव्हा नव्हती, असं मला वाटतं. पण सखूबाईंनी नुकतंच सांगितलेलं होतं, माझं मन त्यांच्या शब्दांवर होतं. त्याआधी मी फक्त पावलं पाहत आले. एवढ्या आधारावर मी कोणाच्या दाव्यावर सही केली नसती, ना या बाजूने, ना त्या.

मंदाला मी लिहिलं, "दिली."

तिचं उत्तर आलं, "बरं झालं. आत्याबाईला काल जावईबापू दाखवला. मनल्या, ह्याला जेवाय घालत न्हाईत का."

हा लेख टाकण्याआधी मी तिला पूर्ण वाचायला पाठवला. नावं बदलली आहेत, ती तिनेच सुचवली. वरचा परिच्छेद, मला खात्री नाही हे लिहिलेला, काढून टाकू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, राहू द्या, तुमी बगितलं ते तुमी लिहिलं. थोड्या वेळाने तिची आणखी एक ओळ आली.

"फक्त परत लावू नका, ताई."

मी लावलेला नाही.